सकाळी बटण लागत नाही आणि अकराला चौकात चालत जातात, हे नाटक नाही ताई

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. मिस्टर ६६ वर्षांचे, सात वर्षं झाली पार्किन्सन्सला, सगळी नोकरी अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात लूमवर गेली, तुम्ही ६० च्या, घरात दोघंच आणि मुलगा पुण्याला. सकाळी त्यांना शर्टाचं बटण लागत नाही, बाथरूमपर्यंत तुम्ही अक्षरशः ओढत नेता, आणि तेच गृहस्थ अकरा वाजता एकटे चौकात जाऊन पेपर घेऊन येतात. जाऊबाई म्हणाल्या, तुझ्यापुढंच सगळं दुखणं, बाहेर गेले की ठणठणीत. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की परवा राग अनावर झाला, हातातला कप हिसकावून घेतला आणि मग मोरीत जाऊन रडलात. विचारलंय दोनच, ते मुद्दाम करतात का, आणि मी हे अजून किती वर्षं ओढू शकेन.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरात २३ वर्षं घरोघरी जाऊन पेशंट बघते, त्यात पार्किन्सन्सचे भरपूर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तेच तुम्हाला आतून खातंय. नाही ताई, मुद्दाम नाही करत. सकाळी सातचा माणूस आणि अकराचा माणूस एकच आहे, फरक आहे तो त्यांच्या मेंदूत त्या वेळेला औषध किती आहे एवढाच.

हे जरा नीट सांगते कारण हे एकदा कळलं की घरातलं निम्मं भांडण मिटतं, मी बघितलंय. मेंदूत खोलवर एक छोटासा भाग असतो, तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात, त्याच्यावर आपलं चालणं वळणं बटण लावणं सगळं न विचार करता चालतं. या पेशी हळूहळू मरत जातात तो पार्किन्सन्स, आपल्याकडं कंपवात म्हणतात पण बऱ्याच जणांना कंप फारसा नसतोच, ताठरपणा आणि संथपणाच जास्त असतो. तुम्ही देता त्या गोळीत लेव्होडोपा असतं, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. आता बघा, आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, घरात टाकी मोठी असली तर मधले दिवस कळत पण नाहीत. पहिली काही वर्षं मेंदूतल्या उरलेल्या पेशी या टाकीचं काम करतात, गोळीतनं आलेलं साठवून ठेवतात आणि दिवसभर पुरवून वापरतात, म्हणून सुरुवातीला दिवसातनं तीन गोळ्यांवर माणूस एकदम छान राहतो. पुढं पेशी कमी होत जातात म्हणजे टाकीच लहान होत जाते, मग पाणी आलं की आहे आणि संपलं की ठणठणाट. डॉक्टर लोक याला ऑन आणि ऑफ म्हणतात. रात्री नऊची गोळी मध्यरात्रीच संपलेली असते, सकाळी सातला टाकी पूर्ण कोरडी, आणि नेमकं त्याच वेळेला आपण त्यांच्याकडनं ब्रश, आंघोळ, कपडे, देवपूजा सगळं मागतो.

आणि तुम्ही लिहिलंय की सकाळची गोळी आठला पोहे आणि दुधाबरोबर देता. इथंच मोठी गडबड आहे. लेव्होडोपा शोषलं जातं लहान आतड्यात, आणि ज्या वाटेनं ते आत जातं त्याच वाटेनं दूध डाळ दही अंडी यातली प्रथिनं जातात, दोघं एकदम आले की गोळीला वाट मिळत नाही, शिवाय पोट भरलेलं असलं की गोळी पोटातच रेंगाळते. म्हणून आठची गोळी अकराला चढते. जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी गोळी, नुसत्या पाण्याबरोबर, हा नियम आहे, जेवण झालंच असेल तर दीड-दोन तास जाऊ द्यायचे. रिकाम्या पोटी मळमळलं तर एखादं मारीचं बिस्कीट चालतं. प्रथिनं बंद मात्र करू नका, बरेच जण ऐकून डाळच बंद करतात आणि पेशंट वाळत जातो, फक्त वेळा लांब करा. मी बऱ्याच घरात असं बसवून दिलंय, डॉक्टरांना फोन करून विचारायचं आणि पहिली गोळी पहाटे सहाला गादीवरच द्यायची, उशाशी गोळी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच ठेवायचा, जरा उठवून नीट बसवायचं, गोळी द्यायची आणि परत पडू द्यायचं. पाऊण तासानं उठवायचं. काही घरात एवढ्यानंच सकाळ बदलली आहे.

गोळीची वेळ म्हणजे वेळ, दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं ठीक, तास-दीड तास नाही. मोबाईलला अलार्म लावा, लग्नाला गेलात तरी, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत असलात तरी.

आता एक वही करा. साधी दोनशे पानी. पानावर तासांच्या रेघा मारा, गोळी कधी दिली, खाल्लं कधी, चालायला लागले कधी, परत अडले कधी, आणि मध्ये अंग नागमोडी हलायला लागतं का, डोलल्यासारखं, ते पण लिहा, कारण ते बऱ्याचदा औषध जास्त चढल्याचं लक्षण असतं आणि लोक त्यालाच आजार वाढला समजून अजून गोळी देतात. सात दिवस लिहा. तुम्ही पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला दाखवायला जाता, तिथं तुमचा नंबर लागल्यावर दहा मिनिटं मिळतात, त्यात आपण काय सांगतो, साहेब त्रास वाढलाय. त्यावर ते तरी काय करणार. त्याऐवजी सांगायचं, गोळी दिल्यावर पन्नास मिनिटांनी चालू होतात, साडेतीन तासांनी बंद, सकाळी सात ते साडेनऊ काहीच नाही, आणि मोबाईलवर दोन व्हिडिओ, एक बंद असतानाचा एक चालू असतानाचा. दवाखान्यात पोचेपर्यंत पेशंट बहुतेक चालू वेळेत असतो म्हणून डॉक्टरांना तो बराच दिसतो, त्यांना सातचा माणूस दाखवायचा हा एकच मार्ग आहे.

औषधाच्या अजून तीन गोष्टी आणि मग पुढं जाते, पण या जिवावरच्या आहेत. एक, गोळी एकदम बंद कधीच करायची नाही, उपास आहे, पोट बिघडलंय, ऑपरेशन आहे, काहीही असो, एकदम बंद केल्यावर ताप येऊन अंग लाकडासारखं होऊन माणूस जाऊ शकतो. माझ्या एका पेशंटला मांडीच्या हाडासाठी ॲडमिट केलं होतं, वॉर्डात गोळ्या राऊंडच्या वेळेला मिळायच्या, त्यांच्या वेळेला नाही, तिसऱ्या दिवशी ते गिळू पण शकत नव्हते आणि सगळे म्हणत होते वय झालं. त्यांच्या बायकोनं वही घेऊन नर्सबाईंना दाखवली, वेळा लावून घेतल्या, मग सुधारले. दोन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्कर-मळमळीसाठी प्रोक्लोरपेराझिन, ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, ही सगळी डोपामीनलाच अडवतात, पार्किन्सन्स वाढवतात. गल्लीतल्या डॉक्टरांकडं पित्ताची गोळी घ्यायला गेलात तरी आधी सांगा की यांना पार्किन्सन्स आहे, आणि मेडिकलवाल्याला पण पाकिटामागची नावं वाचायला लावा. तीन, खाजकुहिलीचं चूर्ण. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच गुण येतो, आणि म्हणूनच गोळीच्या वर ते गुपचूप चालू केलं की डोस कुठल्या कुठं जातो. घ्यायचं असलं तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून, लपवून नाही.

आता तुम्ही ओढत नेता त्याबद्दल. दारात पाय चिकटतात म्हणता ना, त्याला फ्रीझिंग म्हणतात, उंबरा आला, वळायचं आलं, चिंचोळी बोळ आली, कुणी घाई केली की होतं. त्या वेळेला पाय खरंच जमिनीला खिळल्यासारखे असतात आणि अंग पुढं जायला बघतं. मी नवीन असताना दाजी पेठेत एका आजोबांना दारात असंच हाताला धरून ओढलं, पाय तिथंच आणि अंग पुढं, दोन्ही गुडघ्यांवर आपटले. ते अजून डोळ्यासमोर आहे. ओढायचं नाही ताई, ढकलायचं नाही, आणि चला चला म्हणायचं नाही. थांबा म्हणायचं, एक श्वास घेऊ द्यायचा, ताठ उभं राहू द्यायचं, मग वजन एकदा डाव्या पायावर एकदा उजव्या पायावर, झुलल्यासारखं, आणि मग एकच मोठं पाऊल.

याच्यात आवाजाचा फार उपयोग होतो. जुळे सोलापुरात एक एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर माझे पेशंट होते, स्वयंपाकघराच्या दारात रोज अडकायचे, दहा-दहा मिनिटं. एकदा मी तिथंच होते, त्यांच्या बायकोनं ओट्यावरची वाटी उचलली आणि चमच्यानं दोनदा वाजवली, टिंग टिंग, डबल बेल. आणि त्या माणसानं पाऊल उचललं. तीस वर्षं कंडक्टरची डबल बेल आली की गाडी सोडायची हे अंगात इतकं मुरलेलं की डोक्यातला रस्ता बंद झाला तरी कानातनं येणारा रस्ता उघडा होता. ते हसले नव्हते, चेहरा तसाच, पण डोळ्यात पाणी होतं. आणि त्या वहिनींना हे कुणी शिकवलं नव्हतं, मी त्यांच्याकडनं शिकले. तुमच्या मिस्टरांनी आयुष्यभर लूम चालवलाय, ती खटाक-खटाक लय त्यांच्या कानात पक्की असणार. टाळीवर, चुटकीवर, एक-दोन एक-दोन म्हणून, जे लागू पडेल ते शोधा, एका घरात चालतं ते दुसऱ्या घरात चालत नाही. दाराच्या अलीकडं रंगीत चिकटपट्टीच्या तीन-चार आडव्या पट्ट्या मारा, एकेका पावलाच्या अंतरावर, त्या ओलांडून जायचं म्हटलं की पाय उचलतो. आणि वळताना जागच्या जागी गिरकी नको, बैलगाडी वळवतात तसं लांबून वळण घ्यायचं.

घरातली पायपुसणी आजच काढून टाका, सगळी.

झोपेतनं उठवायचं. तुमच्याकडं पांघरायला सोलापुरी चादरच असणार, प्रेमाची आहे, पण वजनदार असते, खरखरीत असते, पायात गुंतते, ज्याला कुशीवर वळायला जोर नाही त्याच्यासाठी ती साखळीसारखी होते. हलकं पांघरूण द्या. आणि गादीवर कमरेच्या खाली जुनी नायलॉनची साडी घडी करून, कडा खोचून टाका, अंग सरकतं आणि वळणं सोपं होतं. उठवताना हाताला धरून वर खेचायचं नाही, खांदा निखळतो. गुडघे दुमडायला सांगा, मान ज्या बाजूनं उतरायचं तिकडं, दुसऱ्या बाजूचा हात अंगावरनं तिकडं, गुडघे पण तिकडं कलते केले की अंग आपोआप वळतं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन बसायचं, तुमचा हात फक्त खांद्याच्या फऱ्यावर आणि कमरेच्या हाडावर. बसल्यावर दोन मिनिटं तसंच, या आजारात आणि या गोळ्यांनी पण उभं राहताना बीपी पडतं, अंधारी येते, जास्तीत जास्त पडणं तिथंच होतं. उभं राहताना बूड पलंगाच्या कडेला, पावलं गुडघ्याच्या मागं, पुढं वाका इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं पाहिजे, तीनदा झुलायचं आणि तिसऱ्याला उठायचं. पलंग बुटका असेल तर पलंगाच्या पायाखाली लाकडी ठोकळे सुताराकडनं पक्के बसवून घ्या.

आणि पडायलाच लागले तर धरून ठेवू नका. तुमची कंबर आधीच दुखतेय, सत्तर किलोचा माणूस तुम्ही हवेत नाही धरू शकत. मागं उभं राहून, एक पाय पुढं घेऊन, तुमच्या पायावरनं त्यांना सावकाश खाली सरकू द्या. खाली बसले तर बसले. डोक्याला लागलंय का, कुठं जास्त दुखतंय का बघायचं, काही नसेल तर पाच मिनिटांनी कुशीवर, मग रांगल्यासारखं, मग समोर खुर्ची ठेवून तिच्यावर हात. नाही जमलं तर शेजाऱ्यांना हाक मारा, लाजू नका.

आंघोळ सकाळीच उरकली पाहिजे हा हट्ट सोडा. मला माहितीये, त्यांना आंघोळ केल्याशिवाय देवपूजा करवत नाही आणि पूजा झाल्याशिवाय चहा नको, तुमच्या पिढीचं असतंच. पण अकराला शरीर चालू असेल तर आंघोळ अकराला, पूजा साडेअकराला, सिद्धेश्वर महाराज काही रागवत नाहीत. चालू वेळेत त्यांचं त्यांना करू द्या, स्टुलावर बसून, भिंतीला पक्का दांडा लावून. बटणाला वीस मिनिटं लागली तरी लावू द्या, घाई असेल तेव्हा टी-शर्ट घाला. सगळं तुम्हीच केलं तर उरलेलं पण लवकर जातं, आणि बंद वेळेत मात्र काही मागू नका. व्यायाम पण चालू वेळेतच, रोज, चुकवू नका, मोठ्ठी पावलं हात हलवत, पार्क स्टेडियमला किंवा गच्चीवर. औषधाखालोखाल सगळ्यात मोठा आधार व्यायामाचाच आहे हे मी माझा धंदा म्हणून नाही सांगत.

खाण्याचं बघा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आपल्या जिवाभावाची, पण गिळण्याचे स्नायू पण याच आजारात मंद होतात, कोरडा चुरा घशात पसरतो आणि श्वासाच्या नळीत जातो. जेवताना ठसका लागतो का, जेवणानंतर आवाज ओला घोगरा येतो का बघा. भाकरी आमटीत चांगली कुस्करून द्या, चटणी कालवून द्या, ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, घास लहान, आणि त्या वेळेला टीव्ही बंद, बोलायला लावायचं नाही. या आजारात माणूस आजारापेक्षा पडण्यानं आणि छातीत अन्न जाऊन झालेल्या न्यूमोनियानं जास्त दगावतो, म्हणून वारंवार ठसका लागत असेल तर लगेच दाखवायचं. बद्धकोष्ठता असली की गोळी पण नीट लागू पडत नाही. आपला उन्हाळा तुम्हाला माहितीये, पारा ४२-४३ ला जातो, यांना तहानच कळत नाही, घड्याळ लावून पाणी द्या.

आता ते न बोलण्याचं. तुम्ही लिहिलंय, "माझ्याकडं नुसतं रोखून बघतात, हसत नाहीत, बोललं तर पुटपुटतात, जणू मी कुणीच नाही." ताई, हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलंय. चेहऱ्याचे स्नायू पण ताठ होतात, पापणी लवत नाही, आतलं वाटणं चेहऱ्यावर येतच नाही. त्यांना वाटतं ते, पण दिसत नाही. चेहऱ्यावरनं अर्थ काढणं सोडा, विचारा, बरं वाटतंय का, आवडलं का, आणि उत्तराला वेळ द्या, मनात वीस आकडे मोजा. आवाज लहान झालाय हे त्यांचं त्यांना कळत नाही, त्यांच्या कानाला तो नेहमीसारखाच असतो, म्हणून ते तुम्हालाच कमी ऐकू येतं म्हणतात. रोज संचार पेपर मोठ्यानं वाचायला लावा, दोन खोल्या पलीकडं ऐकू येईल असा, दहा मिनिटं.

रात्री झोपेत ओरडतात, हात-पाय मारतात, तुमच्या दंडाला काळंनिळं झालंय हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते जाता जाता सोडू नका. स्वप्नात शरीर शांत पडून राहायला पाहिजे ते राहत नाही, हा आजाराचाच भाग आहे, बऱ्याच जणांत कंप यायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो, त्यावर औषध आहे. तोपर्यंत पलंग वेगळा करा. त्यात नात्याला काही होत नाही.

आणि एक गोष्ट बायका मला पण दोन वर्षांनी सांगतात, म्हणून मीच विचारते. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल अशी गोळी चालू आहे का बघा. या गोळ्यांनी काही जणांना अनावर इच्छा होतात, मोबाईलवर रमी खेळून पैसे घालवणं, गरज नसताना खरेदी, सारखं गोड खाणं, आणि या वयात बायकोच्या मागं लागणं, नाही म्हटलं की चिडणं. तो माणूस बिघडला असं समजून घरात वर्षानुवर्षं कुढतात, आणि डॉक्टरांनी डोस कमी केला की ते बहुतेकदा थांबतं. असं काही असेल तर न लाजता सांगा, त्यांच्यासमोर नको तर चिठ्ठीवर लिहून द्या. खोलीत नसलेली माणसं, मुलं, मांजरं दिसणं हे पण तसंच, वाद घालू नका, घाबरवू नका, डॉक्टरांना सांगा, एकदम वाढलं तर लघवीची तपासणी करून घ्या, बऱ्याचदा इन्फेक्शन निघतं.

दुसरा प्रश्न, किती वर्षं. हा आजार वर्षानुवर्षं चालतो ताई, दहा, पंधरा, वीस सुद्धा. म्हणून पहिल्या सात वर्षांत जसं सगळं एकटीनं केलंत तसं पुढं जमणार नाही, तुम्ही कमी पडता म्हणून नाही, एका माणसाचं हे काम नाहीच. कप हिसकावलात, माणूस आहात. त्यांच्याजवळ बसून एकदा सांगा की मला राग आजाराचा येतो, तुमचा नाही, त्यांना हे ऐकायची गरज आहे. मुलाला दर महिन्याला पैसे पाठवतो एवढ्यावर सोडू नका, महिन्यातनं दोन दिवस येऊन राहायला सांगा, एकट्यानं, तुम्ही घरात नसताना सातची सकाळ त्याला बघू द्या. जाऊबाईंना पण एकदा सकाळी सातला बोलवा, अकराला नाही. आठवड्यातनं दोनदा दोन-दोन तास कुणीतरी बसेल असं बघा, भाची, शेजारचा मुलगा, पगारी माणूस, कुणी का असेना, आणि त्या दोन तासात बाजार नाही करायचा, झोपा, देवळात बसा, मैत्रिणीकडं जा. नळाचं पाणी रात्री-बेरात्री भरता म्हणालात, झोप आधीच तुटकी, ते एक काम शेजाऱ्यांना किंवा मोटरवाल्या मुलाला पैसे देऊन सोपवा. तुमची शुगर-बीपी शेवटची कधी बघितली ते लिहिलं नाही तुम्ही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरच्यांनीच चालवलेलं, सगळं मराठीतनं, त्यांच्याशी जोडून घ्या, तुम्ही जे मोरीत जाऊन रडता ते तिथं मोठ्यानं बोलता येतं. कागदांचं पण आत्ताच करा, अक्षर लहान होत चाललंय म्हणजे सही पण बदलणार, बँकेत अडवतात, खातं दोघांच्या नावावर करून घ्या, कुणीही एकानं सही केली तरी चालेल असं. पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग कायद्यात येतो, सिव्हिल हॉस्पिटलमधनं तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढता येतं, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, मुलाला करायला लावा. मुलगा इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीनं भरत असेल आणि औषधाचा खर्च तोच करत असेल तर ठराविक मोठ्या आजारांच्या खर्चाच्या कलमाखाली (१९६१ च्या कायद्यात ८० डीडीबी) सूट मिळते, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं, ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत.

एवढं सगळं एकदम करू नका. या आठवड्यात फक्त वही, डॉक्टरांना पहाटेच्या गोळीबद्दल फोन, आणि पायपुसणी. वही सात दिवसांची झाली की त्याचे फोटो काढून मला पाठवा, सकाळच्या वेळा बघून कुठला व्यायाम कधी बसवायचा ते मी तुम्हाला लिहून देते, आणि त्यांचं कुठल्या आवाजावर पाऊल उचलतंय ते पण नक्की लिहा.